अंदमानची सहल: आखणीचा आढावा

उष्ण कटिबंधातल्या बेटावर सुट्टी घालवायची असे घरात ठरले की साधारण चार नावे पुढे येतात: मालदीव, बाली, लक्षद्वीप आणि अंदमान. पहिल्या दोन ठिकाणांसाठी पासपोर्ट आणि परकीय चलन लागते. लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना काढावा लागतो आणि राहण्याची सोय मोजकीच आहे. अंदमानला हे अडथळे नाहीत. पर्यटक जातात त्या मुख्य बेटांसाठी भारतीयांना वेगळा परवाना लागत नाही, ओळखपत्र पुरते, आणि हिंदी सगळीकडे चालते. शिवाय मराठी माणसाची अंदमानची ओढ समुद्राच्या ओढीपेक्षा जुनी आहे. सावरकर बंधूंच्या जन्मठेपेच्या कथा ऐकत वाढलेल्या पिढ्यांसाठी ही बेटे सहलीचे ठिकाण होण्याच्या कितीतरी आधीपासून ओळखीची आहेत.

त्यामुळे मराठी पर्यटक अंदमानला मोठ्या संख्येने जातो. पण आखणी करताना तो बहुतेक वेळा राजस्थान किंवा केरळच्या सहलीचेच गणित वापरतो: पाच रात्री, आठ ठिकाणे, रोज सकाळी बॅगा भरून पुढचा मुक्काम. हे गणित रस्त्यावर जमते, समुद्रावर जमत नाही. इथे वारा बिघडला की बोट रद्द होते, ओहोटी नसली की पाहायची जागा पाण्याखाली असते आणि संध्याकाळी साडेपाचला अंधार पडतो. म्हणून कधी जावे, किती दिवस जावे, काय पाहावे आणि काय पाहू नये, या प्रश्नांचा एकत्र विचार करायला हवा.

आधी नकाशा

अंदमान-निकोबारमध्ये लहानमोठी आठशेहून अधिक बेटे आणि खडक आहेत. वस्ती आहे ती फक्त तीसेक बेटांवर. उत्तर टोकापासून दक्षिण टोकापर्यंत हा पसारा सातशे किलोमीटरहून लांब आहे. एकूण क्षेत्रफळ ८,२४९ चौरस किलोमीटर, त्यातला ८० टक्क्यांहून अधिक भाग जंगलाखाली, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या ३ लाख ८० हजार. चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणम ही तिन्ही बंदरे पोर्ट ब्लेअरपासून साधारण बाराशे किलोमीटरवर आहेत. निकोबारचे दक्षिण टोक, इंदिरा पॉइंट, मात्र इंडोनेशियाच्या सुमात्रापासून दोनशे किलोमीटरच्या आत येते.

पर्यटकाला यातला छोटासा तुकडाच मोकळा आहे. निकोबारचा बहुतेक भाग आदिवासींसाठी राखीव असून तिथे पर्यटनासाठी जाता येत नाही. सहलींचा भर पोर्ट ब्लेअर, हॅवलॉक आणि नील या तीन नावांवर असतो. त्यांच्या उत्तरेला रंगत, मायाबंदर आणि दिगलीपूर आहेत. दक्षिणेला, बरेच दूर, लिटल अंदमान.

तिकिटे काढताना नावांचा घोळ होतो, म्हणून एवढे लक्षात ठेवावे. ३० डिसेंबर २०१८ रोजी हॅवलॉकचे नाव स्वराज द्वीप, नीलचे शहीद द्वीप आणि पोर्ट ब्लेअरसमोरच्या रॉस बेटाचे नाव नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झाले. त्याच तारखेला, १९४३ साली, नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. पोर्ट ब्लेअर सप्टेंबर २०२४ पासून श्री विजयपुरम आहे. बोलण्यात आणि काही आरक्षणांत जुनी नावे अजून चालतात, म्हणून या लेखातही तीच ठेवली आहेत. रॉस नावाचे आणखी एक बेट दिगलीपूरजवळ आहे. वाळूच्या पट्ट्याने स्मिथ बेटाला जोडलेल्या ज्या रॉसची छायाचित्रे सगळीकडे फिरतात, ते हे दुसरे रॉस. पोर्ट ब्लेअरच्या रॉसला जाऊन तो वाळूचा पट्टा दिसणार नाही.

महिना कोणता?

मराठी कुटुंबाच्या सुट्ट्या शाळेच्या वेळापत्रकाला बांधलेल्या असतात: दिवाळी, नाताळ आणि मे महिना. अंदमानचे हवामान या तिन्हींशी सहजासहजी जुळत नाही.

‘मॉन्सून अंदमानात दाखल’ ही बातमी महाराष्ट्रातला शेतकरी दरवर्षी मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात आशेने वाचतो. सहल आखणाऱ्याने तीच बातमी उलट्या बाजूने वाचायची. कोकणात पाऊस येण्याआधी पंधरा-वीस दिवस अंदमानात समुद्र खवळलेला असतो. नैर्ऋत्य मोसमी पाऊस सप्टेंबरपर्यंत राहतो आणि पाठोपाठ ईशान्य मोसमी वाऱ्यांचा पाऊस येतो. वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो, तो असा दोन्ही बाजूंनी. ऑक्टोबर ते डिसेंबर हा बंगालच्या उपसागरातल्या चक्रीवादळांचाही काळ. म्हणजे दिवाळीच्या सुट्टीत आकाश निरभ्र असेल, याची खात्री धरता येत नाही.

डिसेंबर २०१६ मध्ये खराब हवामानामुळे हॅवलॉक आणि नीलवर हजाराहून अधिक पर्यटक अडकले होते. नौदल आणि तटरक्षक दलाने जहाजे पाठवून त्यांना बाहेर काढले. असे रोज होत नाही, पण वाऱ्यामुळे एखाद-दुसरा दिवस बोटी बंद राहणे नेहमीचे आहे.

सर्वांत चांगला काळ जानेवारीचा मध्य ते एप्रिल. पाऊस थांबलेला, समुद्र शांत आणि पाणी इतके नितळ की प्रवाळ वरूनही दिसतात. ज्यांच्या घरी शाळकरी मुले नाहीत, त्यांनी फेब्रुवारी-मार्चच धरावा. मुलांची परीक्षा संपल्यावर निघायचे असेल तर एप्रिलचा उत्तरार्ध किंवा मेचा पहिला आठवडा घ्यावा. उकाडा आणि दमट हवा सोसावी लागेल, पण समुद्र बहुधा साथ देईल. १५ मेनंतरचे आरक्षण स्वस्त दिसले तरी करू नये. नाताळात गर्दी आणि दर दोन्ही शिगेला असतात. दिवाळीत जायचेच असेल तर आखणीत एक पूर्ण दिवस राखीव ठेवून जावे.

दिवसाचा उजेड

घड्याळ भारताचे आणि सूर्य म्यानमारचा, अशी अंदमानची स्थिती आहे. मुंबई ७३ अंश पूर्व रेखांशाच्या आसपास, तर पोर्ट ब्लेअर ९३ अंशांच्या जवळ. अंशाला चार मिनिटे धरली तर सूर्य तिथे मुंबईपेक्षा सुमारे ऐंशी मिनिटे पुढे चालतो. डिसेंबरात संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो, एप्रिलमध्ये साडेपाचला, आणि एप्रिलची पहाट पाचलाच उजाडते.

याचा परिणाम सगळ्या दिवसावर होतो. बेटांवरच्या बोटी आणि पाण्यातले खेळ दुपारी तीन-चारला आवरते घेतात. दहाला न्याहारी करून अकराला बाहेर पडणाऱ्याचा निम्मा दिवस संपलेला असतो. साडेपाचला उठून सहाला किनाऱ्यावर जावे, उन्हात दोन तास विश्रांती घ्यावी आणि सूर्यास्त पाहायचा असेल तर साडेतीनला निघावे. किनाऱ्यांची तोंडे कोणत्या दिशेला आहेत, हेही आधी पाहून ठेवावे. हॅवलॉकचा राधानगर आणि नीलचा लक्ष्मणपूर हे सूर्यास्ताचे किनारे, तर हॅवलॉकचा कालापत्थर आणि नीलचा सीतापूर सूर्योदयाचे.

भरती-ओहोटीचे कोष्टकही उजेडाइतकेच महत्त्वाचे. नीलवरची खडकाची नैसर्गिक कमान, जिला तिथले लोक हावडा ब्रिज म्हणतात, ती ओहोटीलाच जवळून पाहता येते. खडकांमधल्या डबक्यांत तेव्हा समुद्रकाकड्या, खेकडे आणि रंगीत मासे दिसतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण, अष्टमीला भांग, हा कोकणातला हिशेब अंदमानातही लागू आहे. पण भरतीच्या वेळा आपल्या किनाऱ्यापेक्षा वेगळ्या आहेत, म्हणून तिथले कोष्टक बघावे किंवा मुक्कामाच्या ठिकाणी आदल्या संध्याकाळी विचारून घ्यावे.

पोहोचणे आणि बोटी

मुंबई-पुण्याहून जाणारा प्रवासी बहुधा चेन्नई, बंगळूर, हैदराबाद किंवा कोलकात्याला विमान बदलतो. वीर सावरकर विमानतळाची नवी इमारत जुलै २०२३ मध्ये सुरू झाली. जहाजाने जाण्याची हौस असेल तर चेन्नई, कोलकाता आणि विशाखापट्टणमहून सरकारी जहाजे सुटतात, पण एका बाजूचा प्रवास अडीच-तीन दिवसांचा असतो आणि वेळापत्रक थोडेच दिवस आधी जाहीर होते. आठवड्याच्या रजेत ते बसत नाही.

खरी आखणी पोर्ट ब्लेअरपासून पुढची. हॅवलॉक-नीलला सरकारी फेऱ्या जातात, तशाच खाजगी वातानुकूलित बोटीही. खाजगी बोट हॅवलॉकला दीड-दोन तासांत पोहोचवते. सरकारी फेरी स्वस्त आणि संथ आहे, तिच्या डेकवर उभे राहून वारा खाता येतो. मात्र तिच्यात बेटांवरच्या रहिवाशांना प्राधान्य असते आणि ते योग्यच आहे, कारण त्यांची शाळा, दवाखाना आणि बाजार याच बोटीवर अवलंबून असतो. गर्दीच्या दिवसांत क्रम असा ठेवावा: आधी विमान, लगेच बोट, मग हॉटेल. हॉटेल आधी घेऊन बोट न मिळालेली कुटुंबे जेट्टीवर दर वर्षी दिसतात.

एक नियम मोडू नये. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री मुक्काम पोर्ट ब्लेअरलाच हवा. हॅवलॉकहून सकाळची बोट पकडून दुपारचे विमान गाठू, हा बेत कागदावर दिवस वाचवतो, पण बोट रद्द झाली की विमानाचे पैसेही बुडतात. बोट लागण्याचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी आधीच घ्यावी. बोट डोलायला लागल्यावर घेतलेल्या गोळीचा उपयोग होत नाही.

किती दिवस, कोणती बेटे?

सहा रात्रींपेक्षा कमी वेळ असेल तर अंदमान पुढच्या वर्षावर ढकलावे. महाराष्ट्रातून जाण्या-येण्यातच दोन दिवस बहुतेक संपतात. सहा रात्री असतील तर पहिली रात्र पोर्ट ब्लेअर, पुढच्या तीन हॅवलॉक, एक नील आणि शेवटची पुन्हा पोर्ट ब्लेअर, ही विभागणी सर्वांत समतोल. आठ रात्री मिळाल्या तर नीलवर एक रात्र वाढवावी आणि एक पोर्ट ब्लेअरच्या आसपासच्या वंडूर व चिडियाटापूसाठी ठेवावी. दिगलीपूर करायचे असेल तर दहा रात्री हव्यात. तिथे अंदमानचे सर्वोच्च शिखर सॅडल पीक आहे, उंची ७३२ मीटर. जवळच कालीपूरच्या किनाऱ्यावर समुद्री कासवे अंडी घालायला येतात. पण हे घाईत करण्याचे ठिकाण नाही.

हॅवलॉकवर राधानगरचा किनारा आहे. ‘टाइम’ साप्ताहिकाने २००४ मध्ये त्याला आशियातला सर्वोत्तम किनारा म्हटले आणि २०२० मध्ये त्याला ‘ब्लू फ्लॅग’ मानांकन मिळाले. उंच जंगल थेट वाळूपर्यंत उतरते आणि पुढे पांढऱ्या रेतीची लांब पुळण. गोविंदनगर, विजयनगर, श्यामनगर, कृष्णनगर ही इथल्या गावांची नावे पूर्व बंगालमधून फाळणीनंतर आलेल्या निर्वासितांनी वसवलेल्या वस्त्यांची. नीलवरही तीच माणसे: सीतापूर, भरतपूर, रामनगर, लक्ष्मणपूर. पोर्ट ब्लेअर-हॅवलॉकला लागणारी भाजी मोठ्या प्रमाणावर नीलच्या शेतात पिकते. नील लहान आहे, सपाट आहे आणि सायकलने फिरण्यासारखे आहे. अनेक सहलींत ते दोन तासांत उरकले जाते. तसे करण्यापेक्षा ते न केलेले बरे.

पोर्ट ब्लेअर हेही केवळ विमान पकडायचे शहर नव्हे. चॅथमची लाकूड गिरणी १८८३ सालची आहे. नौदलाचे समुद्रिका संग्रहालय आणि मानववंशशास्त्र संग्रहालय ही दोन्ही सहलीच्या सुरुवातीलाच पाहावीत. पुढे दिसणारा समुद्र आणि ऐकू येणारी आदिवासींची नावे त्यानंतर अधिक समजतात. माउंट हॅरिएटला आता माउंट मणिपूर म्हणतात. १८९१ च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र सिंह आणि त्यांचे सहकारी इथे हद्दपारीत होते. जुन्या वीस रुपयांच्या नोटेवरचे नारळाच्या झाडांचे आणि दीपगृहाचे दृश्य याच डोंगरावरून दिसते.

सेल्युलर जेल

मराठी पर्यटकाच्या यादीत हे पहिले नाव असते आणि असायलाच हवे. ते पुरेसा वेळ देऊन पाहिले जात नाही, ही मात्र दुःखाची गोष्ट आहे. गटातली मंडळी सावरकरांची कोठडी पाहतात, डोके टेकवतात, छायाचित्र काढतात आणि अर्ध्या तासात बाहेर पडतात.

१८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या या तुरुंगाच्या सात शाखा मधल्या मनोऱ्यापासून सगळीकडे पसरलेल्या होत्या. प्रत्येक शाखेचे तोंड पुढच्या शाखेच्या पाठीकडे होते, म्हणजे कैद्याला दुसऱ्या कैद्याचा चेहरा दिसू नये. जवळजवळ सातशे कोठड्या, प्रत्येकीत एक माणूस. आज तीनच शाखा उभ्या आहेत. ११ फेब्रुवारी १९७९ रोजी ही वास्तू राष्ट्रीय स्मारक झाली.

बाबाराव सावरकर इथे आधीच होते तेव्हा, ४ जुलै १९११ रोजी, विनायकरावांना आणले गेले. दोघे भाऊ एकाच तुरुंगात आणि बराच काळ एकमेकांना दिसतही नव्हते. १९२१ मध्ये दोघांना मुख्य भूमीवर हलवले. जाण्याआधी सावरकरांचे ‘माझी जन्मठेप’ वाचून जावे. कोलू, काथ्या कुटणे, रात्रभर बंद राहणारी कोठडी, हे सारे वाचलेले असले की रिकाम्या अंगणातही उभे राहवत नाही. पण भिंतीवरच्या नामफलकांवर बंगाल आणि पंजाबची नावे शेकड्यांनी आहेत, तीही वाचावीत. १९३३ च्या उपोषणात बळजबरीने अन्न घालताना महावीर सिंह यांचा मृत्यू झाला. मोहित मोईत्र आणि मोहन किशोर नामदास हेही त्याच उपोषणात गेले. बटुकेश्वर दत्त इथे होते, उल्लासकर दत्त यातनांनी मानसिक तोल जाईपर्यंत इथे होते. मराठी माणसाने सावरकरांच्या कोठडीसमोर जेवढा वेळ उभे राहावे, तेवढाच या नामफलकांसमोरही राहावे.

काळ्या पाण्याचा इतिहास या तुरुंगाच्या पन्नास वर्षे आधी सुरू होतो. १० मार्च १८५८ रोजी १८५७ च्या उठावातले पहिले दोनशे कैदी इथे उतरले. व्हायपर बेटावर फाशीघर होते. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो यांना ८ फेब्रुवारी १८७२ रोजी पोर्ट ब्लेअरला भोसकणारा शेर अली याला तिथेच फाशी झाली. पुढे दुसऱ्या महायुद्धात १९४२ ते १९४५ अशी साडेतीन वर्षे बेटे जपानच्या ताब्यात होती. ३० जानेवारी १९४४ रोजी हम्फ्रीगंजला जपान्यांनी ४४ भारतीयांना गोळ्या घातल्या. तिथल्या हुतात्मा स्मारकावर पर्यटकांची बस क्वचितच थांबते, ती थांबावी. सेल्युलर जेलमधल्या प्रकाश-ध्वनी कार्यक्रमाची तिकिटे आधी काढावीत आणि तुरुंगाचा सुट्टीचा वार आखणीपूर्वी तपासावा.

पाण्याखाली

अंदमानच्या समुद्राचे खरे वैभव पाण्याखाली आहे. स्नॉर्केलिंगसाठी पोहता यायलाच हवे असे नाही, पण मुखवटा आणि नळीची सवय उथळ पाण्यात करून घ्यावी. स्कूबा डायव्हिंग दहा वर्षांवरील मुलांना करता येते. दमा, हृदयविकार, कानाचा त्रास किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असेल तर आरोग्यपत्रकात ते लपवू नये. डाइव्हनंतर किमान १८ ते २४ तास विमानात बसू नये. शरीरात साठलेला नायट्रोजन विमानातल्या कमी दाबात रक्तात आणि पेशींत बुडबुडे धरू शकतो. म्हणून डाइव्ह हॅवलॉकच्या पहिल्या-दुसऱ्या दिवशीच उरकावी.

वंडूरजवळचे महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये स्थापन झाले. त्यातली जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे ऋतूप्रमाणे आलटून पालटून उघडी ठेवतात, म्हणजे प्रवाळांना विसावा मिळतो. प्लास्टिकवर बंदी कडक आहे. ही शिस्त सर्वच किनाऱ्यांवर यावी.

प्रवाळ म्हणजे दगड नव्हे. ती सूक्ष्म प्राण्यांची वसाहत असते आणि तिला रंग व अन्न देणारी शैवाले तिच्या आत राहतात. समुद्र नेहमीपेक्षा जास्त तापला की ही शैवाले बाहेर पडतात आणि प्रवाळ पांढरे पडतात. २०१० आणि २०१६ मध्ये अंदमानातल्या प्रवाळांनी हा आघात सोसला आहे. त्यावर आपण उभे राहिलो तर कित्येक वर्षांची वाढ एका पावलाने मोडते. पाण्यात उतरताना पायाखाली वाळू आहे ना, हे पाहावे. अंगभर पोहण्याचे कपडे घालावेत, म्हणजे सनस्क्रीनही कमी लागते. माशांना पाव घालणाऱ्या बोटवाल्याला नम्रपणे नको म्हणावे. प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. काठावर पडलेला तुकडाही पिशवीत घालू नये, विमानतळावर तो जप्त होतो आणि गुन्हाही होऊ शकतो.

खाऱ्या पाण्यातल्या मगरी इथल्या खाड्यांत नैसर्गिकरीत्या राहतात. २०१० मध्ये हॅवलॉकला स्नॉर्केलिंग करणाऱ्या एका अमेरिकी तरुणीचा मगरीच्या हल्ल्यात मृत्यू झाला. इशाऱ्याचे फलक आणि जीवरक्षकांचे शब्द अक्षरशः पाळावेत. अंधार पडल्यावर पाण्यात जाऊ नये.

बाराटांग: जावे की न जावे?

आखणीतला सर्वांत कठीण प्रश्न हाच आहे. पोर्ट ब्लेअरपासून सुमारे शंभर किलोमीटरवर बाराटांगला चुनखडीच्या गुहा, चिखलाचा ज्वालामुखी आणि कांदळवनातून जाणारा सुंदर जलमार्ग आहे. पण रस्ता जिरकाटांगच्या नाक्यापासून पुढे सुमारे पन्नास किलोमीटर जारवांच्या राखीव जंगलातून जातो. ठरावीक वेळांना वाहनांचे ताफे सोडले जातात. थांबायला, छायाचित्र काढायला, खायला द्यायला मनाई आहे आणि त्यासाठी तुरुंगवास होऊ शकतो.

जारवा ही शिकार, मासेमारी आणि कंदमुळांवर जगणारी जमात. संख्या काही शेकड्यांतच. १९९७-९८ पर्यंत त्यांनी बाहेरच्या जगाला लांब ठेवले. संपर्क सुरू होताच १९९९ मध्ये त्यांच्यात गोवराची साथ आली. ग्रेट अंदमानी लोकांचा इतिहास हेच सांगतो. एकोणिसाव्या शतकात हजारोंनी असलेले ते लोक वसाहतीनंतरच्या गोवर, सिफिलिस आणि इतर रोगांनी जवळजवळ नाहीसे झाले. आज त्यांची संख्या पन्नास-साठच्या घरात आहे. मे २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राखीव क्षेत्रातून जाणारा हा रस्ता बंद करण्याचा आदेश दिला. तो रस्ता आजही वाहतो आहे. २०१२ मध्ये जारवा स्त्रियांना खाण्याच्या बदल्यात नाचायला लावल्याच्या चित्रफिती जगाने पाहिल्या, तेव्हा देशाची मान खाली गेली. पुढच्या वर्षाच्या आरंभी न्यायालयाने काही काळ पर्यटकांची वाहतूक थांबवलीही होती.

उत्तर अंदमानच्या गावांना हा रस्ता रोजच्या जगण्यासाठी लागतो, हे खरे. पर्यटकाला तो लागत नाही. गाडीत बसलेल्या बहुतेकांचे डोळे गुहांपेक्षा ‘दिसतात का’ यावर असतात, हे प्रत्येक चालक सांगतो. पहाटे तीनला उठून, सबंध दिवस घालवून, माणसांच्या घरातून ताफ्याने जाण्याची ही सहल मराठी कुटुंबांनी सोडावी. कांदळवन हॅवलॉकला कयाकमधून दिसते. जंगल माउंट मणिपूरवर पायी चढताना भेटते. टूर कंपनीच्या यादीत बाराटांग असेल तर तो दिवस बदलून मागावा. मागणी घटली तर यादीही बदलेल.

खर्च, पाणी, कचरा

खर्चाचा मोठा वाटा विमानाचा आणि बोटींचा. भाजी, मासळी आणि नारळ सोडले तर बहुतेक सामान मुख्य भूमीवरून जहाजाने येते, म्हणून बेटांवर साध्या जेवणाचेही दर जास्त वाटतात. बंगाली आणि दाक्षिणात्य जेवण सहज मिळते, शाकाहारी मंडळींची अडचण होत नाही. हॅवलॉक-नीलवर रोख रक्कम जवळ असावी. ऑगस्ट २०२० मध्ये चेन्नईहून समुद्राखालून केबल आल्यापासून इंटरनेट सुधारले आहे, तरी तिकिटांच्या छापील प्रती घ्याव्यात. नेहमीची औषधे पुरेशी न्यावीत, मोठे रुग्णालय पोर्ट ब्लेअरलाच आहे. सोबतच्या नातेवाइकांचा पासपोर्ट परदेशी असेल तर त्यांच्यासाठी लागू असलेले ताजे नियम तिकिटाआधी पाहावेत.

ज्येष्ठांसाठी आणि पहिल्यांदा विमानात बसणाऱ्यांसाठी टूर कंपनीची सहल सोयीची असते, यात शंका नाही. पैसे भरण्याआधी चार प्रश्न विचारावेत. हॅवलॉकला किती रात्री? बोट रद्द झाली तर वाढलेल्या मुक्कामाचा खर्च कोणाचा? शेवटची रात्र पोर्ट ब्लेअरला आहे का? सेल्युलर जेलला किती तास? उत्तरे गोलमोल आली तर दुसरी कंपनी पाहावी.

कोविडपूर्वीच्या वर्षांत अंदमानला वर्षाला सुमारे पाच लाख पर्यटक येऊ लागले होते, म्हणजे स्थानिक लोकसंख्येपेक्षा जास्त. एवढा पाऊस पडूनही उताराच्या जमिनीवरून पाणी समुद्रात वाहून जाते आणि मार्च-एप्रिलमध्ये पोर्ट ब्लेअरच्या नळांना अनेकदा दिवसाआड पाणी येते. हॉटेलच्या शॉवरखाली आपण ओततो ते पाणी कोणाच्या तरी हंड्यातले असते. बाटली भरून घेता येते तिथे नवी विकत घेऊ नये आणि आपला कोरडा कचरा शक्यतो पोर्ट ब्लेअरला परत आणावा. छोट्या बेटाकडे कचरा टाकायला दुसरी जागा नसते.

निष्कर्ष

या साऱ्याचा हिशेब मांडला तर उत्तर स्पष्ट आहे. अंदमानला जावे, जरूर जावे, पण फेब्रुवारी ते एप्रिलमध्ये, किमान सहा रात्री घेऊन, दोनच बेटे निवडून. सेल्युलर जेलला अर्धा दिवस द्यावा, समुद्राला तीन सकाळी द्याव्यात आणि बाराटांग वगळावे. कमी ठिकाणे पाहून आलो म्हणून कोणी कमीपणा मानू नये. रजा तेवढी मिळत नसेल तर यंदा कोकणातल्या एखाद्या किनाऱ्यावर जावे आणि अंदमानसाठी पुढच्या वर्षीची रजा आतापासूनच साठवावी.